खरी कॉइल, खोटी कॉइल

नगरच्या नागापूर एमआयडीसीत मोटार भरणाऱ्यांचा गाळा शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. व्हार्निशचा वास पुरतो. विहिरीतली पाणबुडी मोटार जळली की शेतकरी ती मोटारसायकलवर आडवी बांधून इथे आणतो आणि संध्याकाळपर्यंत द्या म्हणून गळ घालतो, कारण शिवारात लाइट रात्रीच येणार असते आणि कांदा पाण्याला आलेला असतो. कारागीर जळकी तार कापून काढतो, गेज बघतो, फेरे मोजतो, तेवढेच नवे फेरे खाचांत बसवतो, व्हार्निश पाजून सुकवतो. या शहराचं तांब्याच्या तारेशी जुनं नातं आहे. क्रॉम्प्टनच्या मोटारी इथे बनतात. लार्सन अँड टुब्रोचे काँटॅक्टर इथे बनायचे. तो कारखाना आता वेगळ्या नावाने चालतो. कायनेटिकची लुना नगरचीच. त्यामुळे 'मन आणि यंत्र' हा विषय संपादकांनी दिला आणि मेंदूला चुंबकाने चेतवणाऱ्या यंत्राबद्दल लिहायचं ठरलं, तेव्हा मी डॉक्टरांच्या आधी अशाच एका गाळ्यात गेलो.

या यंत्राला टीएमएस म्हणतात. लांबलचक इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं. कवटीला हात न लावता, बाहेरून चुंबकीय क्षेत्राचे झटके देऊन मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशी चेतवायच्या, असं हे काम. यंत्राचा आत्मा म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची, दोन वेटोळ्यांची कॉइल. तिचं रेखाटन मी कारागिरापुढे ठेवलं.

"फेरे किती?" त्यांचा पहिला प्रश्न.

एका वेटोळ्यात साधारण नऊ-दहा, मी म्हणालो.

"येवढेच? मग करंट लय असंल."

चार-पाच हजार अँपिअर.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "किती वेळ?"

सेकंदाच्या चार हजाराव्या भागाएवढा.

ते थोडा वेळ गप्प राहिले. "मग तार जळायची नाय. पण उडंल. एका झटक्यात बाहेर फेकाया बघंल. रेझिनमधी घट्ट बांधल्याबिगर टिकायची नाय. आन आवाज करंल."

त्यांचा शब्द न् शब्द बरोबर होता. हे यंत्र प्रत्येक झटक्याला कडक 'टक्' असा आवाज करतं. तो मेंदूचा आवाज नसतो, विजेचाही नसतो. प्रचंड प्रवाहामुळे तांब्याच्या तारा एकमेकींना ढकलतात, त्यांचा तो आवाज. तो एवढा मोठा असतो की रुग्णाच्या आणि यंत्र चालवणाऱ्याच्याही कानांत बोळे घालावे लागतात. ज्यांनी हे यंत्र कधी पाहिलं नाही त्यांनी फेरे, करंट आणि वेळ एवढ्या तीन आकड्यांवरून ते ओळखलं. यंत्र समजायला अवघड नाही, हे मला तिथेच कळलं. अवघड भाग पुढे होता.

लुनाचा पॉइंट

लुना १९७२ साली आली. ज्यांनी ती चालवली त्यांना पॉइंट घासणं माहीत असेल. चाकातलं चुंबक फिरतं, कॉइलमध्ये प्रवाह तयार होतो आणि नेमक्या क्षणी पॉइंट उघडून तो प्रवाह तोडतो. प्रवाह तुटला की कॉइलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. पॉइंटवर कचरा बसला की प्रवाह नीट तुटत नाही, ठिणगी मरते, आणि लुना ढकलत न्यावी लागते. चुंबक तेच, कॉइल तीच. फरक पडतो तो क्षेत्र किती झटकन बदलतं याने.

मायकेल फॅरडेने १८३१ साली लंडनमध्ये दाखवून दिलं ते हेच. चुंबक नुसतं जवळ असून तारेत वीज येत नाही, चुंबकीय क्षेत्र बदलावं लागतं. जितकं झटपट बदलेल तितका दाब जास्त. टीएमएसमध्ये दुसऱ्या वेटोळ्याच्या जागी माणसाचा मेंदू असतो. मेंदू खारट, ओला, वीज वाहणारा. कॉइलमधला प्रवाह सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात शून्यावरून शिखरावर जातो, कॉइलजवळचं क्षेत्र दीड-दोन टेस्लापर्यंत चढतं, आणि कवटीच्या आत दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत पेशींना हलवण्याइतका विजेचा दाब निर्माण होतो. बाहेरून थेट वीज दिली तर कवटीचं हाड ती अडवतं आणि कातडी भाजल्यासारखी दुखते. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाडाची अडकाठी नाही. या उपचाराचं सगळं सामर्थ्य एवढ्या एका गोष्टीत आहे.

फॅरडेनंतर लोकांनी डोकी कॉइलमध्ये घालून पाहिलीच. पॅरिसमध्ये १८९६ साली आर्सेन दार्सोनवाल याने, लंडनमध्ये १९१० साली सिल्व्हेनस थॉम्प्सन याने. दोघांना डोळ्यांपुढे प्रकाशाचे लुकलुकते ठिपके दिसले. मेंदूपर्यंत पोचेल एवढा झपाटा तेव्हाच्या यंत्रांत नव्हता, ते ठिपके बहुधा डोळ्यांतल्या पडद्याचे. मेंदूपर्यंत पोचायला १९८५ साल उजाडावं लागलं. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात अँथनी बार्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरली, झटका दिला आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला. ना सुई, ना भूल, ना दुखणं. शेफील्ड हे पोलादाचं, कारागिरांचं गाव. बार्कर तिथल्या रुग्णालयात वैद्यकीय भौतिकीचं काम करत होता. नगरसारख्या गावात हे वाचताना छातीत काही तरी हलतं.

अभियांत्रिकीची पोरं हे प्रकल्पात करून बघायला उत्सुक असतात, म्हणून इथेच स्पष्ट लिहितो. या यंत्रात वीज साठवणारा कपॅसिटर दोन-अडीच हजार व्होल्टपर्यंत भरलेला असतो. दोनशे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन हजार व्होल्टला भरला तर त्यात चारशे ज्यूल ऊर्जा साठते. ताल सोडून नुसतं थरथरणारं हृदय ताळ्यावर आणायला डॉक्टर छातीवर जो झटका देतात, त्यात दोनशे ते तीनशे साठ ज्यूल असतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेलाच राहतो. त्याला हात लागून माणूस जागीच जाऊ शकतो. आणि जे वाचतात त्यांनी स्वतःच्या डोक्यावर प्रयोग केला तर फेफरं येण्याचा धोका आहे. रुग्णालयात, नियम पाळून, तो अगदी दुर्मीळ आहे. गॅरेजमध्ये नियम कोण पाळणार? कॉइल करा, ऑसिलोस्कोपवर लहर बघा, अॅल्युमिनियमची चकती उडवून दाखवा. डोकं त्यापासून लांब ठेवा.

अंगठा हलतो तेव्हा

नगरहून पुणे सुमारे एकशे वीस किलोमीटर. तिथे टीएमएसची केंद्रं आहेत. एका केंद्रात परवानगीने बसून उपचार पाहिला. खोली साधी, दंतवैद्याकडे असते तशी टेकायची खुर्ची. रुग्णाने कानातलं, चष्मा, केसातल्या पिना काढून ठेवल्या. डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, कधी फेफरं आलं होतं का, हे सगळं आधी विचारून झालं होतं. मग डोक्यावर पोहण्याची असते तशी टोपी चढवली आणि तिच्यावर पेनाने खुणा सुरू झाल्या.

पहिलं काम असतं अंगठा शोधण्याचं. डाव्या कानाच्या वर, थोडं पुढे-मागे कॉइल सरकवत एकेक झटका द्यायचा. एका जागी उजव्या हाताचा अंगठा टचकन उडतो. त्या पट्ट्यात मेंदूचा हात हलवणारा भाग आहे. मग झटक्याची ताकद कमी कमी करत न्यायची. दहातल्या पाच वेळा अंगठा जेमतेम हलेल ती त्या माणसाची पायरी. कवटीची जाडी, डोक्याचा आकार प्रत्येकाचा वेगळा, म्हणून पायरीही प्रत्येकाची वेगळी. उपचाराची ताकद तिच्या एकशेवीस टक्के ठेवतात. नैराश्यासाठी कॉइल तिथून सुमारे पाच-साडेपाच सेंटिमीटर पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूकडे सरकवतात. पट्टीने मोजून. चांगल्या केंद्रांत एमआरआय घेऊन, कॅमेऱ्याने जागा धरतात. पुष्कळ ठिकाणी मात्र अजून पट्टी आणि टोपीच.

मग सुरू होते ती टकटक. जुन्या पद्धतीत सेकंदाला दहा झटके, चार सेकंद. सव्वीस सेकंद थांबायचं. पुन्हा तसेच चाळीस झटके. साडेसदतीस मिनिटांत तीन हजार झटके पुरे होतात. नव्या पद्धतीत झटक्यांचे छोटे गुच्छ देतात आणि सहाशे झटके जेमतेम तीन मिनिटांत संपतात. कॅनडात ४१४ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, २०१८ साली निष्कर्ष आले. तीन मिनिटांची पद्धत उणी ठरली नाही. सरकारी रुग्णालयाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट, कारण एका यंत्रावर दिवसाला कितीतरी जास्त माणसं बसू शकतात.

बाहेरच्या बाकावर शेवगावकडचा एक तरुण शेतकरी बसला होता, बहिणीला घेऊन आलेला. त्याने हळूच विचारलं, "साहेब, आत शॉक देत्यात का?" हा प्रश्न प्रत्येक घरात असतो, म्हणून उत्तर इथे. शॉक म्हणजे ईसीटी, तो वेगळा उपचार. त्यात भूल देऊन मेंदूत मुद्दाम फेफऱ्याची लाट उठवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला बंदी आहे. सिनेमाने ईसीटीची बदनामी केली असली तरी अगदी गंभीर नैराश्यात, माणूस खाणंपिणं सोडून बसतो तेव्हा, आजही तिच्याएवढा ताकदीचा उपचार दुसरा नाही. टीएमएसमध्ये भूल नाही, फेफरं आणायचं नसतं, माणूस जागा असतो, टाळूवर टोचल्यासारखं होतं, कधी डोकं दुखतं, आणि उठून घरी जाता येतं.

खोटी कॉइल

एवढं सगळं पाहून, अंगठा आपल्या डोळ्यांदेखत उडालेला पाहून, कोणालाही वाटेल की हे चालतंच. अंगठा उडाला यात वाद नाही. पण अंगठा उडणं आणि मन उभारी धरणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते पार करायला यंत्राहून वेगळी हत्यारं लागतात.

ती हत्यारं सापडली तीही एका चुंबकवाल्यामुळेच. अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर व्हिएन्नात आधी खऱ्या चुंबकांनी आणि मग 'प्राणिज चुंबकत्व' नावाच्या अदृश्य प्रवाहाने लोक बरे करू लागला. पॅरिसमध्ये त्याचा बोलबाला झाला. लोक थरथरत, किंचाळत, बेशुद्ध पडत आणि बरं वाटलं म्हणत. १७८४ साली राजाने समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्राचा लावोआझिए होता. त्यांनी मेस्मरच्या शिष्याला फ्रँकलिनच्या बागेतलं एक झाड चुंबकत्वाने भारायला सांगितलं. मग एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडाजवळ नेलं. मुलगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडापाशी. न भारलेल्या. कोणतं झाड खरं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून खरं काय ते कळलं. वैद्यकातल्या आंधळ्या चाचणीची ही सुरुवात मानतात.

आज त्या भलत्या झाडाच्या जागी खोटी कॉइल आहे. ती खऱ्यासारखीच दिसते, टकटक करते, टाळूला बारीक विजेचा चिमटाही काढते, पण तिचं क्षेत्र मेंदूपर्यंत पोचत नाही. कोणाला खरी, कोणाला खोटी हे रुग्णाला माहीत नसतं आणि नंतर तपासणाऱ्या डॉक्टरलाही. खरी कॉइल करण्यापेक्षा चांगली खोटी कॉइल करणं कठीण, असं मला सगळं वाचून वाटतं. सुरुवातीच्या चाचण्यांत नुसती खरीच कॉइल तिरकी धरायचे. रुग्णांना फरक कळायचा.

आकडे बघा. औषधांनी न सुधारलेल्या १९० रुग्णांवर अमेरिकेत सरकारी पैशाने झालेल्या चाचणीचा निकाल २०१० साली आला. खऱ्या कॉइलखालचे १४ टक्के रुग्ण नैराश्यातून पूर्ण बाहेर आले, खोटीखालचे ५ टक्के. फरक खरा आहे, पण हिशेब असा होतो की अकरा-बारा जणांवर खरा उपचार केला तर त्यातला एक जण कॉइलमुळे बरा होतो. त्याआधीच, २००८ साली, तिथल्या औषध प्रशासनाने या यंत्राला नैराश्यासाठी परवानगी दिली होती.

मग २०१८ साली दुसरी चाचणी आली. १६४ माजी सैनिक, बरेचसे युद्धाच्या आठवणींनी पोळलेले, दारूने खंगलेले. खऱ्या कॉइलखाली ४१ टक्के बरे झाले. खोटीखाली ३७ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

या निकालावर मी बराच काळ विचार करत राहिलो. यंत्रावर संशय घेणारे तो नाचवतात, विकणारे तो लपवतात. मला त्यातला ३७ हा आकडा विलक्षण वाटतो. वर्षानुवर्षं औषधांनी न सुधारलेली ही माणसं. त्यांना रोज सकाळी उठून, दाढी करून, घराबाहेर पडून एका खोलीत यावं लागलं. तिथे कोणी तरी नावाने हाक मारली, झोप लागली का विचारलं, डोक्याला हळुवार हात लावला. हे आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे. खोट्या कॉइलखाली त्यांना हा सगळा खरा उपचार मिळतच होता. म्हणून टीएमएस थोतांड ठरत नाही. पण कॉइलच्या खात्यावर किती जमा करायचं आणि माणसाच्या खात्यावर किती, हे प्रामाणिकपणे वेगळं काढायला हवं.

अलीकडचं उदाहरण स्टॅनफर्डचं. दिवसाला दहा बैठका, पाच दिवस. २०२२ सालच्या चाचणीत खऱ्या कॉइलखालचे ७९ टक्के बरे झाले, खोटीखालचे १३. हे आकडे जाहिरातींतून आता भारतातही फिरतात. त्या चाचणीत एकूण माणसं होती २९. एवढ्याशा चाचणीवर कोणी घर गहाण ठेवू नये. उलट इंग्लंडमध्ये २५५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ साली छापून आलेल्या चाचणीत, एमआरआयने मेंदूतले धागे शोधून नेम धरलेली नवी पद्धत आणि साध्या एमआरआयने जागा धरलेली जुनी पद्धत यांत फरक आढळला नाही. महाग म्हणजे अधिक गुणकारी, हे इथे तरी सिद्ध झालेलं नाही.

एक मायक्रोटेस्लाचं शिरस्त्राण

डोळे बांधून तपासण्याची हीच कसोटी चुंबकाच्या आणखी एका दाव्याला लागली. कॅनडातल्या सडबरी शहरात मायकेल पर्सिंजर नावाचा प्राध्यापक होता. त्याच्या सहकाऱ्याने, स्टॅनली कोरेनने, एका हेल्मेटला दोन्ही कानशिलांजवळ छोट्या कॉइल बसवल्या. अंधाऱ्या, शांत खोलीत ते घालून बसलेल्या बहुतेकांना खोलीत दुसरं कोणी तरी आहे असं भासतं, असा पर्सिंजरचा दावा. वृत्तपत्रांनी त्याला 'देवाचं हेल्मेट' केलं. त्यावरून घरगुती संच निघाले, विकले गेले, अजूनही हौशी लोक बांधतात.

त्या हेल्मेटचं क्षेत्र साधारण एक मायक्रोटेस्ला. या आकड्याचा अर्थ कळायला अलिबागला जावं. मुंबईच्या ट्राम घोड्यांऐवजी विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजणी बिघडणार हे उघड झालं, म्हणून १९०४ साली ती अलिबागला हलवली. यंत्रांची खोली पोरबंदरी दगडाची, लोखंड टाळून बांधलेली. तिथे आजवर पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद चालू आहे, आणि ते भरतं सुमारे ४३ मायक्रोटेस्ला. म्हणजे आपण सगळे जन्मापासून त्या हेल्मेटच्या चाळीस पटीहून मोठ्या क्षेत्रात वावरतो. पर्सिंजरचं म्हणणं, ताकद महत्त्वाची नाही, लहरींचा विशिष्ट आकार महत्त्वाचा. म्हणणं तपासण्याजोगं होतं. स्वीडनमध्ये पेर ग्रँक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं, २००५ साली छापलं. हेल्मेट चालू की बंद हे ना बसणाऱ्याला ठाऊक, ना प्रयोग घेणाऱ्याला. अनुभव आले, पण चालू-बंदने फरक पडला नाही. ज्यांचं मन सूचनेला लवकर वश होतं त्यांना ते आले. पर्सिंजरने आक्षेप घेतले, मांडणीत चुका काढल्या. पण इतरांच्या हाती, डोळे बांधून, दावा टिकला नाही. माझ्या मते तो वाद तिथे मिटला.

गाद्या आणि पट्टे

आपल्याकडे हेल्मेट फारसं पोचलं नाही, गादी पोचली. तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात बैठक भरते. चहा, बिस्किट, मग एक चुंबकाची गादी उलगडली जाते. डोकेदुखी, झोप, चिंता, अर्धांगवायू, मुलांची बुद्धी, सगळ्यांवर गुण. हप्त्याने मिळते. आणखी चार जणांना विकली तर कमिशन.

फॅरडेचा नियम इथे लावून बघावा. गादीतलं चुंबक फार तर पृष्ठभागावर टेस्लाचा दहावा भाग असेल, आणि ते बदलत नाही. माणूस एका सेकंदात डोकं उचलून त्यापासून लांब गेला तर बदल सेकंदाला ०.१ टेस्ला. टीएमएसच्या कॉइलमध्ये हा बदल सेकंदाला वीस हजार टेस्लाच्या घरात असतो. दोन लाख पटींचा फरक. गादीवर निजलेल्या मेंदूला तिचा पत्ताही लागत नाही. दोन्हींना 'चुंबक चिकित्सा' असं एकच नाव देऊन टीएमएसची पुण्याई गादीला चिकटवली जाते, हा सगळ्यात मोठा अन्याय.

कायदा आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणायुक्त उपाय जाहिरात कायद्यात मेंदूचे विकार, मज्जासंस्थेचे विकार, फेफरं यांवर उपाय म्हणून जाहिरात करायलाच मनाई आहे. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधाच्या व्याख्येत आली आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. तरीही मंगल कार्यालयातली बैठक भरते, कारण तक्रार कोणी करत नाही. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो.

पण दवाखान्याची पाटी लावली म्हणजे सगळं शुद्ध होतं असंही नाही. टीएमएसला अमेरिकेत परवानगी आहे ती नैराश्य, मंत्रचळ म्हणजे ओसीडी, सिगारेट सोडणं, अर्धशिशी अशा मोजक्या गोष्टींसाठी. ऑटिझमसाठी नाही. मुलांची एकाग्रता वाढवण्यासाठी नाही. स्मरणशक्तीसाठी नाही. बोलायला न लागलेल्या मुलाच्या आईबापांना 'मेंदूचा नकाशा' रंगीत छापून दाखवून बैठकांचं पॅकेज विकणं, हे गादी विकण्याच्याच रांगेतलं काम आहे. ते पांढरा कोट घालून केलं म्हणून माझा राग कमी होत नाही, वाढतो.

तीस फेऱ्या

नैराश्यासाठी टीएमएसचा नेहमीचा क्रम म्हणजे आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. तीस बैठका. हा आकडा घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या पाथर्डीला जा. तिथली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊस तोडायला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुकादमाची उचल अंगावर असते. त्यातल्या एखाद्या बाईने बोलणं, जेवणं सोडलं तर पहिला प्रश्न बाहेरचं काही झालंय का हाच येतो. मग अंगारा, मग देवऋषी, मग कोणी बुलढाण्याच्या सैलानी दर्ग्याला न्या म्हणतं. ज्या घरात शहाणं माणूस असेल तिथे ग्रामीण रुग्णालय. तिला रोज पुण्याला नेऊन कॉइलखाली बसवायचं तर कोणी न्यायचं, कुठे राहायचं, आणि त्या दिवसांच्या कोयत्याचं काय?

निम्हान्स या केंद्रीय संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, नैराश्यासारखे आजार असलेल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचारच पोचत नाही असं दिसलं. बारा राज्यांत ते सर्वेक्षण झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता. आपली अवस्था फार वेगळी असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण विभागात मिळणारी साधी, जुनी, स्वस्त गोळी नेमाने घेतली तरी पुष्कळांना गुण येतो. टीएमएस हा त्यानंतरचा उपचार आहे, गोळ्या नीट घेऊनही ज्यांना उतार पडत नाही त्यांच्यासाठी. जिथे पहिली गोळीच पोचली नाही तिथे कॉइलची जाहिरात आधी पोचते, ही आपल्या जिल्ह्याची खरी स्थिती.

नगरजवळ शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माऊली सेवा प्रतिष्ठान आहे. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या, अत्याचार सोसलेल्या मनोरुग्ण बायकांना ते दांपत्य घर देतं. तिथला उपचार अंघोळ, जेवण, गोळी आणि रोज नावाने हाक मारणारं माणूस यांनी सुरू होतो. त्या सैनिकांच्या चाचणीतले ३७ टक्के मला तिथल्या कामाबद्दल वाचताना नव्याने समजले.

याचा अर्थ नगरला यंत्र नको असा नाही. लोणीला प्रवरेचं ग्रामीण रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे, विळद घाटात दुसरं आहे. एमआयडीसीत कॉइल भरणारे हात आहेत. तीन मिनिटांची पद्धत सिद्ध झालेली आहे. परदेशी यंत्राच्या तुलनेत स्वस्त, परवानाधारक यंत्र इथे बनावं, जिल्हा रुग्णालयात बसावं, आणि त्याच्याबरोबर पहिल्या दिवसापासून खोटी कॉइलही बनावी, म्हणजे आपल्या माणसांवर ते किती चालतं हे आपणच मोजू. ऊसतोडीच्या हंगामाबाहेरच्या महिन्यांत बैठका बसवता येतील, बाहेरगावच्यांना सहा आठवडे राहायला धर्मशाळा लागेल. शिर्डीला रोज हजारोंची सोय करणाऱ्या जिल्ह्याला एवढं अशक्य नाही.

तोवर, कोणी तुमच्या घरच्या माणसासाठी टीएमएस सुचवलं तर न लाजता विचारा: कोणत्या आजारासाठी? या आजारासाठी खोट्या कॉइलशी तुलना झाली आहे का, किती माणसांवर? आधी कोणती औषधं, किती दिवस, नीट घेऊन झाली? सुचवणारा मनोविकारतज्ज्ञ आहे ना? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि डॉक्टरपर्यंत जायचीच वाट सापडत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.